सॅमनच्या पिंजऱ्यांखालचा समुद्रतळ

समुद्रातल्या पिंजऱ्यांत सॅमन वाढवण्याचा धंदा उत्तर युरोपात जेमतेम साठ वर्षांचा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉक आयलॉर्ट या खाडीत युनिलिव्हर कंपनीने १९६५ मध्ये प्रयोग सुरू केले आणि १९७१ मध्ये पहिले उत्पादन काढले. नॉर्वेत हित्रा बेटावर ग्रॉन्टवेट बंधूंनी १९७० मध्ये तरंगत्या अष्टकोनी पिंजऱ्यात पिल्ले सोडली. त्या काळचे पिंजरे लाटांचा मार खाण्याजोगे नव्हते. म्हणून जागा शोधल्या गेल्या त्या डोंगरांच्या आडोशाच्या, संथ पाण्याच्या. स्कॉटलंडमधल्या अशा बऱ्याच खाड्या हिमनद्यांनी कोरलेल्या आहेत. तोंडाशी खडकाचा उंचवटा, आत खोल डोह, आणि तळचे पाणी सावकाश बदलणारे. पिंजऱ्यांना सोयीचा हा निवांतपणा तळाला मात्र महागात पडला.

पिंजऱ्यातून खाली जाते ते मुख्यतः दोन प्रकारचे: न खाल्लेले खाद्य आणि माशांची विष्ठा. खाद्याची गोळी सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर वेगाने बुडते, विष्ठा ३ सेंटिमीटरच्या आसपास. पाणी ३० मीटर खोल आणि प्रवाह सेकंदाला ५ सेंटिमीटर धरला, तर गोळी पाच मिनिटांत, जेमतेम १५ मीटरवर तळाला टेकते. विष्ठेला सतरा मिनिटे लागतात आणि ती ५० मीटरपर्यंत वाहत जाते. भरती-ओहोटीने प्रवाहाची दिशा उलटते, त्यामुळे थर सहसा लांबट पडतो. जोरदार प्रवाह बसलेला गाळही पुन्हा उचलून पुढे नेतो.

या गाळाने तळाचे काय होते, हे शास्त्रज्ञांना मत्स्यशेतीतून नव्हे, तर कागदाच्या लगद्याच्या गिरण्यांमुळे कळले होते. फोर्ट विल्यमजवळ कॉर्पाख येथे १९६६ मध्ये अशी गिरणी सुरू झाली. तिच्या सांडपाण्यातला तंतुमय गाळ लॉक लिनी आणि लॉक आयल या खाड्यांत साचत गेला. टॉम पिअर्सन यांनी तिथल्या तळजीवांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. स्वीडनमध्ये रटगर रोझेनबर्ग अशाच एका खाडीचा अभ्यास करत होते. दोघांनी १९७८ मध्ये मिळून मांडलेला क्रम आजही प्रमाण मानतात. सेंद्रिय भार वाढला की आधी मोठे, खोल बिळे करणारे जीव जातात. मग कॅपिटेला हा बारीक लाल किडा एका चौरस मीटरमध्ये हजारोंनी माजतो. शेवटी प्राणवायू संपतो आणि प्राणीच उरत नाहीत. पिंजऱ्याखालून काढलेल्या नमुन्यात त्या अवस्थेत काळा चिखल येतो, सडक्या अंड्यांचा दर्प येतो, आणि वर बेजिआटोआ जीवाणूंची पांढरी साय दिसते.

स्कॉटलंडचे उत्पादन १९८० मध्ये हजार टनांच्याही आत होते. १९९० मध्ये ते ३२ हजार टनांवर गेले. १९८७ मध्ये एका स्कॉटिश खाडीतल्या सॅमनशेतीखालच्या तळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिंजऱ्यांखाली निर्जीव पट्टा आणि दूर जाल तशी सुधारत जाणारी स्थिती, असेच चित्र त्यात होते. त्यानंतर पिंजरे काही महिने रिकामे ठेवून तळाला उसंत देण्याची पद्धत रूढ झाली. मात्र तळ पूर्ववत व्हायला अनेकदा वर्षे लागतात. त्या मानाने ही उसंत अपुरीच म्हणायची.

खरा फरक पडला तो खाद्यात. पाण्याखालचे कॅमेरे आले, मासे खायचे थांबले की खाद्य थांबू लागले आणि नासाडी घटली. ओबानजवळच्या सागरी संशोधन संस्थेने २००२ मध्ये गाळ कुठे व किती पडेल हे सांगणारे ‘डेपोमॉड’ हे संगणकीय प्रारूप प्रसिद्ध केले. परवाने देताना त्याचा आधार घेतला जाऊ लागला. सॅमनच्या अंगावरच्या उवा मारण्यासाठी खाद्यातून दिलेली औषधेही याच वाटेने तळाशी जातात. त्यांतले एमामेक्टिन गाळात फार काळ टिकते आणि कवचधारी जीवांना मारक ठरते.

२०१९ मध्ये स्कॉटलंडच्या पर्यावरण यंत्रणेने नियम बदलले आणि मोठ्या शेतींचा ओढा खोल, खळाळत्या पाण्याकडे वळला. तिथे पिंजऱ्याखाली ढीग साचत नाही. पण तेवढ्याच माशांची विष्ठा तेवढीच असते. ती अधिक मोठ्या क्षेत्रावर पातळ पसरते, आणि मोजायला अधिक अवघड होते.