ताणलेल्या पापुद्र्याची साक्ष

कोल्हापुरास लागून असलेल्या कसबा बावड्यांत साखरेचा कारखाना आहे. अशा कारखान्यांत उंसाच्या रसाची गोडी जिभेनें ठरवीत नाहींत. रस स्वच्छ करून ध्रुवणमापकाच्या नळींत भरतात. प्रकाशाचें कंपन एरवीं सर्व दिशांनीं चालतें. तें एकाच पातळींत आणलें म्हणजे त्यास ध्रुवित प्रकाश म्हणतात. साखरेच्या पाण्यांतून जातांना ही पातळी वळते, आणि साखर जितकी अधिक तितकी ती अधिक वळते. द्रवांचा हा गुण बीओ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८१५ सालीं दाखवून दिला. साखर मोजणारा हाच प्रकाश पुढें एका निराळ्याच कामीं कसा आला, हें आज सांगावयाचें आहे.

कोल्हापुरांत ‘फिल्म’ म्हटलें कीं बाबूराव पेंटरांची आठवण व्हावयाचीच. मला अभिप्रेत असलेली फिल्म म्हणजे पॉलिमरचा पारदर्शक पापुद्रा. पॉलिमरचे रेणु लांबलचक सांखळ्यांसारखे असतात. पिंजलेल्या कापसांत तंतु जसे वाटेल तसे पडलेले असतात, तशाच या सांखळ्याहि. पापुद्रा ऊन करून ताणला कीं त्या ओढीच्या दिशेनें वळूं लागतात. मग त्या दिशेस बळकटी वाढते. परंतु ताण एकाच बाजूचा असला तर पापुद्रा त्याच दिशेनें उभा चिरण्याची भीतीहि वाढते. १९४१ सालीं व्हिनफील्ड व डिक्सन यांनीं जें पॉलिएस्टर शोधून काढलें, त्याच्या धाग्याचें आणि फिल्मचें सामर्थ्य या ताणावरच अवलंबून आहे. म्हणून किती सांखळ्या वळल्या आणि किती वळल्या, हें जाणणें अगत्याचें झालें.

क्ष-किरणांनीं स्फटिकांत नीट रचलेल्या सांखळ्या दिसतात. अस्ताव्यस्त उरलेल्यांचें वर्तन त्यांतून तितकें स्पष्ट होत नाहीं. दुहेरी वक्रीभवन मोजलें तर सर्वांची मिळून एकच सरासरी हातीं येते. येथें अनुस्फुरण, म्हणजे इंग्रजींतील फ्लुओरेसन्स, उपयोगी पडलें. जंबुपार किरण शोषून दृश्य प्रकाश देणाऱ्या पदार्थांचा हा गुणधर्म स्टोक्स यानें १८५२ सालीं विशद केला व त्याचें नामकरणहि केलें. हा प्रकाश ध्रुवित असूं शकतो, हें वायगर्ट यानें १९२० सालीं दाखविलें. पेराँ यानें १९२६ सालीं त्याची उपपत्ति मांडली. रेणूचा ठराविक अक्ष प्रकाशाच्या कंपनाशीं समांतर असला तर तो प्रकाश अधिक शोषतो, आणि परत देतांनाहि दिशा राखतो. रेणु कसेहि विखुरलेले, पण स्थिर असले आणि दोन्ही अक्ष एकच असले, तर समांतर व लंब प्रकाशाचें प्रमाण ३ : १ येतें. त्याहून निराळें प्रमाण मिळालें तर त्याचें कारण शोधावें लागतें.

जपानांत क्योतो येथें निशिजिमा यांनीं १९६० नंतरच्या दशकांत फिल्ममध्यें अनुस्फुरक रंग मिसळून, ती ताणून, असें मापन केलें. पण रंगाचा रेणु हा पाहुणा. घरांतील माणसें जशी वागतात तसाच पाहुणा वागतो, असें कोणीं सांगावें?

पॉलिएस्टरच्या सांखळींत मात्र बेंझीनचीं कडीं मुळांतच गुंफलेलीं असतात व जंबुपार किरणांत तीं स्वतःच उजळतात. १९८० नंतरच्या दशकांत संशोधकांनीं या अंगच्या प्रकाशाचा उपयोग केला. पापुद्रा आणि ध्रुवक निरनिराळ्या कोनांत फिरवून तेज मोजलें कीं सरासरीबरोबर सांखळ्यांचा विखुरलेपणाहि कळतो. एका पापुद्र्यांत सर्व सांखळ्या थोड्याथोड्या कललेल्या असतील. दुसऱ्यांत कांहीं अगदीं सरळ, तर कांहीं आडव्या असतील. दोघांची सरासरी एकच येईल. गुण मात्र भिन्न असतील. हा भेद येथें उघड होतो.

तरीहि ही साक्ष तपासून घ्यावी लागते. कित्येकदां प्रकाश एकट्या कड्याचा नसून शेजारीं आलेल्या दोन कड्यांच्या जोडीचा असतो. शिवाय शोषलेली ऊर्जा एका कड्यावरून दुसऱ्यावर गेली तर दिशेची खूण पुसट होते. यास्तव जाणते संशोधक हे आंकडे क्ष-किरण व दुहेरी वक्रीभवन यांच्या आंकड्यांशीं ताडून पाहतात, आणि तिन्हींचा मेळ बसला तरच धागा किंवा फिल्म किती ताणावी याचा निर्णय करतात.