कानातलं मशीन आणि वाढतं लेकरू

कानाचं मशीन छोटं कसं होत गेलं, ते आज सांगते.

पूर्वी कमी ऐकणारी माणसं कानाला कर्णा लावायची. पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव याच्यासाठी १८१९ साली लंडनमध्ये खास खुर्ची घडवली. तिच्या हातांवर सिंहाची उघडी तोंडं होती. दरबारी गुडघे टेकून त्यात बोलायचे आणि नळीतून आवाज राजाच्या कानी जायचा.

१८९८ च्या सुमारास अमेरिकेत मिलर हचिसन यांनी विजेचं यंत्र केलं, पण ते टेबलावर ठेवावं लागे. १९४८ पासून ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत मशीन मोफत मिळू लागलं. पोरांच्या छातीवर डबी, तिच्यातून कानापर्यंत वायर. १९५२-५३ मध्ये ट्रान्झिस्टर आला, मशीन लहान झालं, चष्म्याच्या काडीतही बसलं. १९९० नंतर डिजिटल मशीन आलं. आपल्याकडे १९८१ पासून केंद्राच्या एडिप योजनेतून गरजूंना अशी साधनं मिळतात, आणि १९८३ साली मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था सुरू झाली.

मशीन लहान झालं, पण लेकराची मेहनत कमी झाली नाही. चष्मा लावला की लगेच दिसतं. ऐकणं मात्र मेंदूला शिकावं लागतं. भांड्यांचा खणखणाट, मिक्सरची घरघर, सगळंच एकदम अंगावर येतं. मग लेकरू मशीन उपसून फेकतं. म्हणून सुरुवात शांत घरात करायची, आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यानं दिवसभर घालायची सवय लावायची.

कानही वाढतो. साचा सैल झाला की मशीन शिट्टी मारतं. बिघडलं म्हणून पेटीत टाकू नका, साचा नवा करून आणा. ते महिने वाया गेले तर बोलणं मागं पडतं.

पोरगी वयात आली की आपणच म्हणतो, "केस पुढं घे, पाहुणे येतील." चष्म्यात मशीन दडवलं गेलं ते याच लाजेपोटी. चष्म्याची लाज गेली, तशी हीसुद्धा जाईल. पण आधी ती आईच्या मनातून जायला हवी.

राजापुढं दरबारी वाकले. आपल्या लेकीसाठी आपण एवढंच करायचं: चुलीपाशी बसून हाक मारायची नाही, तिच्यासमोर बसायचं, तोंड दिसेल असं बोलायचं. बाळ आवाजाला वळत नसेल, तर अंगणवाडीच्या आरोग्य तपासणीत नक्की सांगा.