धाब्याचें घर आणि इंदापूरचा उन्हाळा

इंदापूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. चैत्र-वैशाखांतली तेथील दुपार माणसाला अंगणांत उभें राहूं देत नाहीं. या उन्हाला पूर्वजांनीं दिलेलें उत्तर म्हणजे धाब्याचें घर.

दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, तुळयांवर चोपलेला पांढरीचा थर आणि लहान झरोके. जाड माती सावकाश तापते; दिवसाची धग आंत पोहोंचेपर्यंत सूर्य कललेला असतो. ती धग रात्रीं बाहेर पडते, म्हणून निजावयाचें तें धाब्यावर, उघड्या आभाळाखालीं. सकाळीं दारें लावणें, तिसऱ्या प्रहरीं सडा घालणें, तिन्हीसांजेला दारें उघडणें, ही दिनचर्याहि वास्तूचाच भाग होती. मात्र सड्याचें पाणी बायकांच्या डोक्यावरून येई. घराच्या विसाव्यांत त्यांचा वांटा थोडाच होता.

१९८० सालीं भीमेवरील उजनी धरण पुरें झालें. पळसदेवासारखीं जुनीं गांवठाणें जलाशयांत गेलीं. पाणी फार ओसरलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें. मातीच्या भिंती परत येत नाहींत.

आतां पत्रा उन्हासरशी तापतो, आणि सिमेंटची गच्ची मध्यरात्रींहि निवत नाहीं. तरी जुनी रीत आजहि उपयोगी आहे. गच्चीला चुना फांसावा, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावावा, घर दिवसा मिटावें व रात्रीं उघडावें. आणि दुपारचा विसावा घरांतील बाईलाहि मिळेल, एवढें पाहावें. एरव्हीं घर थंड होईल, निवांत होणार नाहीं.