तळ्यातला समुद्री मासा

अमेरिकेतलं लेक मिशिगन नावालाच तळं; वादळात तो समुद्रच. १९६० च्या दशकात तिथे एलवाइफ नावाचे छोटे मासे बेसुमार वाढले, त्यांना खाणारं कोणी उरलंच नव्हतं. म्हणून मत्स्य-अधिकारी हॉवर्ड टॅनर यांनी पॅसिफिकचे सॅमन आणून सोडले: १९६६ मध्ये कोहो, पुढच्या वर्षी चिनूक.

कोहो गळाला लागतोय कळल्यावर लोक मिळेल ती होडी घेऊन धावले. वादळाचा इशारा होता, पण ऐकतो कोण! २३ सप्टेंबर १९६७ ला सात जण बुडाले.

चिनूक तर उन्हाळ्यात खोल, थंड पाण्यात राहतो. त्याच्यासाठी लोक डाउनरिगर वापरायला शिकले: तारेला जड वजन, त्याला चिमट्यात अडकवलेली गळाची दोरी. मासा ओढतो, दोरी सुटते, वजन खालीच राहतं.