बर्लिनचा एक परवाना

बर्लिनच्या पोलिसांनी 1928 साली दिलेला एक कागद आहे. मजकूर दोन-तीन ओळींचा. नाव, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण आणि पुढे एवढंच, की ही व्यक्ती पुरुषी कपडे घालते हे इथे माहीत आहे. ज्याच्या खिशात तो असायचा, त्याचं नाव गेर्ड काटर. कागदावर मात्र जन्माच्या वेळचं मुलीचं नाव. बायकांचे कपडे घालून फिरणाऱ्या लोकांनाही असाच कागद मिळायचा, मजकूर तेवढा उलटा. त्याला जर्मनमध्ये ट्रान्सव्हेस्टिटेनशाइन म्हणत.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठल्या युजरला काय दिसावं, काय करता यावं, याच्या परवानग्या लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे असेल, मला त्या वाक्यातली एक गोष्ट लगेच टोचली. त्यात ‘परवानगी आहे’ असं कुठेच नाही. ‘माहीत आहे’ एवढंच आहे.

विसाव्या शतकाच्या विशीतलं बर्लिन आपल्याला वेब सिरीजमधून माहीत असतं. मोत्यांच्या माळा, जॅझ, पहाटेपर्यंत चालणारे क्लब. ते खोटं नाही. 1920 साली आजूबाजूची गावं जोडून शहराची लोकसंख्या 38 लाखांच्या घरात गेली होती, आणि एवढ्या गर्दीत माणसाला हवं तसं हरवता येतं. मोट्झश्ट्रासवरच्या एल्डोराडो नावाच्या क्लबात बायकांच्या पोशाखातले पुरुष यजमानीण म्हणून वावरत. चित्रकार ओटो डिक्सनं 1927 मध्ये एल्डोराडोचं चित्र काढलं. तिथे निम्मी गर्दी बघ्यांची असायची, परदेशी टुरिस्ट, श्रीमंत जोडपी. आपण किती मोकळ्या विचारांचे आहोत हे स्वतःलाच दाखवायला आलेली मंडळी आजही अशा ठिकाणी दिसतात, तेव्हाही होती.

पण क्लबच्या आतलं सोपं असतं. प्रश्न तिथपर्यंत जाण्याचा आणि परत येण्याचा.

हे मी थोडं स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. मुंबईत दोनदा मी साडी नेसून बाहेर पडलोय. हॉलमध्ये काहीच वाटलं नाही, उलट निऱ्या कशा छान बसल्यात यावर चर्चा झाली. पण घराचा जिना, गेटवरचा वॉचमन, टॅक्सीवाल्याचा आरशातला डोळा, सिग्नलला थांबलेला बाइकवाला! ते वीस मिनिटांचं अंतर म्हणजे खरी परीक्षा. कुणी काही बोललं नाही. पण कुणी बोललं असतं तर पोलिसांकडे गेलो असतो का, याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नसतं.

बर्लिनमध्ये नेमकी इथेच गोम होती. पुरुषानं बायकांचे कपडे घालू नयेत असा कुठलाही कायदा जर्मनीत नव्हता. तरी अटक व्हायची, कारण सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, लोकांच्या सभ्यतेला धक्का अशी मोघम कलमं होती. रस्त्यावर गर्दी जमली, कुणी आरडाओरडा केला, की तो धिंगाणा तुम्ही घातला असं ठरायचं. ओरडणारा घरी जायचा, तुम्ही चौकीत.

यावर तोडगा काढला तो डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी. हे बर्लिनमधले डॉक्टर, स्वतः ज्यू आणि समलिंगी. समलिंगी पुरुषांना तुरुंगात धाडणारं कलम 175 रद्द व्हावं म्हणून 1897 पासून ते संघटना चालवत होते. 1910 मध्ये त्यांनी सतरा जणांचे तपशीलवार वृत्तांत देऊन एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यातून ‘ट्रान्सव्हेस्टाइट’ हा शब्द रूढ झाला. आज तो शब्द आपण सहसा वापरत नाही. त्या काळी मात्र आज ज्यांना आपण ट्रान्स म्हणू तेही त्यात होते आणि कधीमधी पोशाख बदलणारेही. याच सुमाराला पोलिसांशी बोलणी करून त्यांनी परवान्याची वाट काढली. डॉक्टर माणसाची तपासणी करणार, बालपणापासूनची हकिकत लिहून घेणार, मत देणार. मग पोलीस कागद देणार. गस्तीवरच्या शिपायानं अडवलं की तो दाखवायचा.

पोलीस तयार का झाले? दयाळू होते म्हणून नव्हे. 1885 मध्येच बर्लिन पोलिसांनी समलिंगी लोकांवर नजर ठेवायला वेगळा विभाग काढला होता. क्लब बंद पाडले तर माणसं विखुरतात, चालू ठेवले तर सगळी एका जागी दिसतात, असा हिशेब. सहन करणं आणि नोंद ठेवणं या दोन गोष्टी तिथे पहिल्यापासून जोडीनं चालत होत्या. परवानाही त्याच जातीचा. तुम्ही निर्धास्त फिरा, फक्त आम्हाला माहीत असू द्या.

आणि अट होती. ही अट मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त खुपते. अर्जदाराचा पोशाख लोकांच्या डोळ्यावर येईल का, हे पाहिलं जायचं. म्हणजे जी बाई म्हणून सहज खपून जाईल तिला कागद मिळणं सोपं, आणि रुंद खांद्यांची, घोगऱ्या आवाजाची, स्वस्तातला विग घातलेली जी असेल, जिला शिपाई दर चौकात अडवणार, तिला अवघड. ज्याला गरज कमी त्याला आधी. 1930 ते 1932 या काळात खास या लोकांसाठी ‘तिसरं लिंग’ अशा अर्थाच्या नावाचं एक मासिक निघत होतं. त्या काळच्या अशा मासिकांतही हाच वाद दिसतो. नीट राहा, भडक नटू नका, चारचौघींसारख्या दिसा, नाहीतर आपल्या सगळ्यांचं नाव खराब होईल. हा सूर ज्यांनी आपल्याकडचे व्हॉट्सअॅप ग्रुप पाहिलेत त्यांना वेगळा सांगायला नको.

आपल्याकडे याच वर्षांत बालगंधर्व रंगभूमीवर होते. त्यांच्या शालूची, चालण्याची नक्कल घराघरातल्या बायका करत होत्या. त्यांना परवाना लागला नाही. रंगमंचाला लागत नाहीच, रस्त्याला लागतो.

1919 मध्ये हिर्शफेल्ड यांनी टियरगार्टन भागात लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली. तिथे दवाखाना होता, ग्रंथालय होतं, सल्ला मिळायचा, आणि बाहेर कुणी काम देत नाही म्हणून काही ट्रान्स स्त्रियांना घरकामाला ठेवलेलं होतं. डोरा रिश्टर त्यांतली एक. 1892 मध्ये बोहेमियातल्या डोंगराळ गावात जन्मलेली. स्त्रीदेहासाठी शस्त्रक्रिया झालेल्या अगदी पहिल्या माणसांत तिची गणना होते. शेवटची शस्त्रक्रिया 1931 मध्ये झाली. हिर्शफेल्ड तेव्हा जगप्रवासाला निघाले होते. त्याच वर्षी ते भारतातही येऊन गेले. जर्मनीला ते परत कधीच गेले नाहीत.

1932 मध्ये सरकार बदललं, बर्लिनला नवा पोलीसप्रमुख आला आणि एल्डोराडोसारखे क्लब बंद होऊ लागले. म्हणजे हिटलर यायच्या आधीच. नंतरच्या एका फोटोत एल्डोराडोच्या त्याच दर्शनी भागावर नाझींची निवडणुकीची पोस्टरं लागलेली दिसतात. 6 मे 1933 ला विद्यार्थ्यांचा जमाव आणि तपकिरी शर्टवाले संस्थेत घुसले. चार दिवसांनी तिथली पुस्तकं ऑपेराच्या चौकात जाळली. हिर्शफेल्ड यांनी ते पॅरिसच्या सिनेमागृहात वृत्तपटात पाहिलं. 1935 मध्ये फ्रान्समध्येच ते वारले.

पुस्तकं जळली, पण पोलिसांची दप्तरं कशाला जळतील? एकच टेबल, त्याच ओळी, फक्त ते वाचणारा बदलला. नोव्हेंबर 1933 मध्ये हॅम्बर्गच्या प्रशासनानं पोलिसांना सांगितलं, की अशा लोकांवर विशेष लक्ष ठेवा आणि गरज पडल्यास छळछावणीत पाठवा. कुणाचा कागद काढून घेतला, कुणाचा राहू दिला. ज्यांच्यावर समलिंगी असल्याचा संशय, त्यांची गत सर्वात वाईट. ‘इथे माहीत आहे’ या शब्दांचा अर्थ त्या दिवसांत काय झाला असेल, याचा विचार करून मी एका प्रोजेक्टमधल्या फॉर्ममधला लिंगाचा रकाना काढून टाका म्हणून भांडलो. निम्मं जिंकलो, तो ऐच्छिक झाला.

जर्मनीत नंतर 1981 पासून नाव आणि लिंगनोंद बदलता येऊ लागली, पण दोन तज्ज्ञांचे अहवाल लागत. 1 नोव्हेंबर 2024 पासून नोंदणी कार्यालयात स्वतः सांगितलेलं पुरतं. मधे शंभरेक वर्षं गेली.

डोरा रिश्टर त्या 1933 च्या हल्ल्यात मारली गेली, असं कित्येक वर्षं सगळीकडे छापलं जात होतं. अलीकडे संशोधकांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या तेव्हा कळलं, की ती आपल्या डोंगरातल्या गावी परत गेली होती. 1934 मध्ये चेकोस्लोव्हाकियात तिचं नाव अधिकृतपणे बदलून मिळालं. युद्धानंतर तिथल्या जर्मन भाषकांना हाकललं गेलं, त्यांत तीही निघाली. बव्हेरियातल्या आलर्सबर्ग नावाच्या छोट्या गावात ती राहिली आणि 1966 मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिथेच वारली.