फ्राइस्लर, रोलांट

फ्राइस्लर, रोलांट : (३० ऑक्टोबर १८९३–३ फेब्रुवारी १९४५). जर्मन विधिज्ञ, पहिल्या महायुद्धातील सैनिक आणि नाझी राजवटीतील लोकन्यायालयाचा (फोल्क्सगेरिख्ट्सहोफ) अध्यक्ष. जन्म उत्तर जर्मनीतील त्सेले येथे. कायद्याचे शिक्षण चालू असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाल्याने तो सैन्यात दाखल झाला. युद्धातील कामगिरीबद्दल त्यास आयर्न क्रॉस हे पदक मिळाले. परंतु १९१५ मध्ये तो रशियनांच्या हाती सापडला व मॉस्कोनजीकच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याची रवानगी झाली. तेथे तो रशियन भाषा शिकला. रशियन राज्यक्रांतीनंतर छावणीच्या अन्नपुरवठ्याची व्यवस्था काही काळ त्याच्याकडे होती. त्यामुळे तो एके काळचा बोल्शेव्हिक असल्याचा संशय पुढे नाझी पक्षातही त्याचा पिच्छा पुरवीत राहिला.

मायदेशी परतल्यावर येना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्याने कासेल येथे वकिली केली. १९२५ मध्ये तो नाझी पक्षात आला व पक्षाच्या कार्यकर्त्यांवरील खटले लढवू लागला. १९३३ नंतर प्रथम प्रशियाच्या व पुढे राइशच्या न्यायमंत्रालयात तो सचिव झाला. कायद्याच्या मसुद्यांवर त्याचा ठसा मोठा आहे : काही अल्पवयीन गुन्हेगारांनाही मृत्युदंड देण्याची मुभा देणारा १९३९ चा वटहुकूम आणि कृत्यापेक्षा कर्त्याच्या वृत्तीवर भर देणारी खुनाची १९४१ ची व्याख्या, ही त्याची ठळक उदाहरणे. दुसरी व्याख्या युद्धोत्तर पश्चिम जर्मनीनेही मोठ्या अंशी कायम ठेवली, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्यूंच्या संहाराच्या अंमलबजावणीसाठी २० जानेवारी १९४२ रोजी व्हानझे येथे भरलेल्या बैठकीस तो न्यायमंत्रालयाच्या वतीने उपस्थित होता.

ऑगस्ट १९४२ मध्ये तो लोकन्यायालयाचा अध्यक्ष झाला. १९३४ ते १९४५ या काळात या न्यायालयाने सु. ५,२०० जणांना देहान्ताची शिक्षा दिली. त्यांपैकी बहुतेक शिक्षा १९४२ नंतरच्या आहेत. ‘श्वेत गुलाब’ या विद्यार्थिगटातील हान्स व सोफी शोल आणि क्रिस्टोफ प्रोब्स्ट यांचा खटला २२ फेब्रुवारी १९४३ रोजी म्यूनिक येथे चालला आणि त्याच दिवशी तिघांचाही शिरच्छेद झाला. २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या हत्येचा प्रयत्न फसल्यावर चाललेल्या खटल्यांत फ्राइस्लरची पद्धती जगापुढे आली. आरोपींत त्याच्यासारखेच पहिल्या महायुद्धात लढलेले सैनिक होते. फील्डमार्शल व्हिट्सलेबेन यास पट्टा न देताच उभे करण्यात आले आणि घसरणारी विजार सावरल्याबद्दल न्यायाधीशाने त्याची निर्भर्त्सना केली. काउंट श्वेरिन याने पोलंडमधील हत्यांचा उल्लेख करताच फ्राइस्लरने ओरडून त्याचे बोलणे बंद पाडले. या खटल्यांचे चित्रीकरण प्रचारासाठी केले होते. तथापि न्यायाधीशाचा आरडाओरडा इतका होता, की ध्वनिमुद्रणही नीट होईना. सोव्हिएट अभियोक्ता व्हिशिन्स्की याच्याशी त्याची तुलना केली जाते.

३ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकेच्या सु. एक हजार बाँबफेकी विमानांनी बर्लिनवर दिवसाढवळ्या हल्ला केला. त्यात न्यायालयाची इमारत सापडली व फ्राइस्लर ठार झाला. त्या दिवशी ज्याचा खटला उभा होता तो फाबिआन फोन श्लाब्रेंडोर्फ हा कटातील अधिकारी त्याच इमारतीत होता. कोसळलेल्या तुळईखाली न्यायाधीश मेला तेव्हा त्याच्या हाती आपल्याच खटल्याची कागदपत्रे होती, असे त्याने पुढे नमूद केले. मार्चमध्ये तो निर्दोष सुटला. सुटूनही त्याला छळछावण्यांत ठेवण्यात आले. १९६७–७५ या काळात तो पश्चिम जर्मनीच्या संघीय संविधान न्यायालयाचा न्यायाधीश होता.

फ्राइस्लरच्या सहकाऱ्यांना मात्र शासन झाले नाही. न्यायाधीश हान्स-योआखिम रेझे यास १९६७ मध्ये झालेली शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने रद्द केली आणि १९६८ मध्ये तो सुटला. जानेवारी १९८५ मध्ये जर्मन संसदेने लोकन्यायालय हे न्यायालय नसून दहशतीचे साधन होते, असा ठराव केला. फ्राइस्लर जगता तर त्याने वकील वा अधिकारी म्हणून चांगले उत्पन्न मिळविले असते, असे गृहीत धरून त्याच्या विधवेस १९७४ पासून वाढीव निवृत्तिवेतन दिले जात होते, हेही त्याच वर्षी उघडकीस आले. लोकन्यायालयाचे निवाडे १९९८ च्या कायद्याने रद्दबातल ठरविण्यात आले. बर्लिनमधील डालेम येथील दफनभूमीत पत्नीच्या माहेरच्या थडग्यात त्याला पुरले आहे. त्यावर त्याचे नाव नाही.