मामांच्या भुवईवरचा वाघ

आमचे घर शहापूरचे, आजोळ मुरबाडचे. भाऊबीज आली की आईबरोबर किन्हवलीच्या रस्त्याने मुरबाड गाठायचे, हा लहानपणीचा ठरलेला कार्यक्रम. फराळाच्या ताटाइतकीच मला ओढ असे ती धाकट्या मामांच्या उजव्या भुवईवरच्या व्रणाची. नेमकी चंद्रकोर! आई ओवाळू लागली की तिचे कुंकवाचे बोट त्या कोरेपाशी क्षणभर थबके. "माळशेजच्या रानात वाघाने पंजा मारला," असे मामा सांगत आणि आम्ही भाचरे दरवर्षी नव्याने शहारत असू. पंजाला नखे पुष्कळ, व्रण मात्र एकच, ही शंका मला फार उशिरा आली.

वाघाचा उलगडा झाला 1969 साली. माझ्या एका स्नेह्यांनी आपल्या परवान्याच्या रायफलीवर दुर्बीण बसवून घेतली होती. पण डोळा लावला की निम्मे चित्र काळ्या सावलीत बुडे. मान लांब करून पुढे नेली तरच लक्ष्य दिसे. मामा लढाईवर जाऊन आलेले, एवढे ठाऊक होते. म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो.

मामांनी आधी बोल्ट उघडून नळी रिकामी असल्याची खात्री करून घेतली. मग स्नेह्यांना म्हणाले, "डोळे मिटा. बंदूक खांद्याला लावा. गाल दस्त्यावर टेका, सहज टेकेल तिथेच. आता डोळे उघडा."

सावली होतीच. मामांनी कड्यांचे स्क्रू सैल केले आणि चित्र काठोकाठ उजळेपर्यंत दुर्बीण हळूहळू मागे घेतली. मग स्नेह्यांना पालथे निजवले. निजल्यावर डोके आपोआप पुढे येते. तेव्हा दुर्बीण पुन्हा किंचित पुढे सरकली. भुवई आणि काच यांत चार बोटे अंतर राहिले. भिंतीशी ओळंबा सोडून आतली उभी रेघ त्याच्याशी जुळवली आणि स्क्रू आलटूनपालटून आवळले.

"डोळ्याने दुर्बिणीकडे जायचे नाही," मामा म्हणाले, "दुर्बिणीने डोळ्याकडे यायचे."

या चार बोटांमागे केवढा इतिहास आहे! गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचे भिंग अंतर्गोल होते. तिला डोळा चिकटवावाच लागे. 1611 साली केप्लरने तिथे बहिर्गोल भिंग सुचविले. त्यातून निघालेले किरण काचेच्या मागे थोड्या अंतरावर एका लहानशा तेजस्वी वर्तुळात एकवटतात. डोळ्याची बाहुली नेमकी तिथे असेल तर सारे चित्र दिसते. नसेल तर सावली. चित्र उलटे दिसे, ते सुलटे करायला आणखी भिंगे घालावी लागली. पण धक्का देणाऱ्या बंदुकीवर दुर्बीण बसविता आली, ती या अंतरामुळेच.

तरीही माणसाच्या मानेचा विचार उशिराच झाला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रायफलीत गोळ्यांची पट्टी वरून भरीत. तिला वाट हवी म्हणून दुर्बीण डावीकडे बसविली. गालाचा आधार सुटला, मान वाकडी झाली. दुसऱ्या महायुद्धात दुर्बीण नळीच्या बरोबर वर आली आणि गाल टेकण्यासाठी दस्त्यावर एक लाकडी उशी स्क्रूने बसविली गेली.

मामांनी हे सांगितले आणि नकळत त्यांचा हात भुवईकडे गेला. मी म्हटले, "मामा, वाघ तो हाच का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "इटलीत, 44 साली. डोंगराच्या चढावर नेम धरला होता. चढावर डोके आणखी पुढे जाते. घाईत काच भुवईला लागली आणि मी चाप ओढला."

"मग वाघ कशाला सांगितलात?"

"46 साली घरी आलो, तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी सिद्धगड होता."

वाचकांना आठवण द्यायला हवी. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगत साथी जमवून विजेच्या तारा वाहणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी आमच्याच मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

"ज्या सरकारची गोळी त्यांना लागली," मामा म्हणाले, "त्याच सरकारची बंदूक माझ्या खांद्यावर होती. घरात खायला नव्हते म्हणून भरती झालो, हे खरे. पण ते कुणाकुणाला सांगणार? वाघ सोपा होता."

दर वर्षी 2 जानेवारीला मामा पहाटेच कुठेसे निघून जात, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. पुढे एकदा मीही बरोबर गेलो. सिद्धगडला हुतात्म्यांना वंदन करायला माणसे जमली होती. मामा साऱ्यांच्या मागे, टोपी हातात घेऊन उभे होते.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला आईचे बोट पुन्हा त्या कोरेपाशी थबकले. "केवढा असेल रे तो वाघ!" ती म्हणाली. मामांनी माझ्याकडे पाहिले.

"मोठाच असणार," मी म्हणालो.

आता आई नाही, मामाही नाहीत. म्हणून आज लिहितो आहे.